काळ्या पानांचं झाड

विज्ञानाच्या तासाला आम्ही सातवीच्या मुलांना परग्रहावरचं झाड काढायला सांगितलं. परभणीची मुलं, बहुतेकांनी कडुलिंब नाहीतर बाभूळच काढली, फक्त आकाशात चंद्र दोन! एका मुलीने मात्र पानं काळीकुट्ट रंगवली. "पानं हिरवी असतात, बेटा," म्हणत आम्ही लाल फुली मारली. "सर, तिथला सूर्य मंद आहे," ती हळूच म्हणाली.

घरी वाचलं आणि शरमलो. हरितद्रव्य लाल-निळा प्रकाश जास्त शोषतं, हिरवा बराचसा परत फेकतं. म्हणून आपली पानं हिरवी. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा मंद, लाल तारा. २०१६ मध्ये त्याचा एक ग्रह सापडला. अशा ठिकाणी दिसणारा प्रकाश इतका कमी, की पानाला मिळेल तो सगळा गिळावा लागेल. मग ते काळंच दिसेल. नासाच्या नॅन्सी किआंग यांनी २००८ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हा अंदाज मांडला होता. अंदाजच, तिथं झाड आहे की नाही, अल्लाह जाणे. नमाजात रोज 'रब्बुल आलमीन', सर्व जगांचा पालनहार, म्हणतो आपण आणि मुलांच्या हाती एकच हिरवा खडू देतो!

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर फुली खोडली. पोरगी लगेच म्हणाली, "सर, मग फुलं कोणत्या रंगाची काढू?"