एका अक्षराची किंमत

शुक्रवार म्हणजे घोडेगावात जनावरांच्या बाजाराचा दिवस. मागे अशाच एका शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत वस्तीतील एक मुलगी आमच्या दारात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सगळी कागदपत्रे. डोळे भरून आलेले. म्हणाली, “काका, शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कॉलेजवाले फी भरा म्हणतात.” वडील ऊसतोडीला गेलेले, आई दुसऱ्याच्या रानात कांदे काढायला. फी कोठून भरणार?

आम्ही सगळे कागद जमिनीवर मांडले. दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव ‘गौतम’ हे जी-ए-यू असे सुरू होत होते. आधार कार्डावर तेच नाव जी-ओ-यू असे! मराठीत दोन्हीकडे गौतमच. तोंडाने म्हणाल तर काहीच फरक नाही. पण संगणकाला कान नसतात, फक्त डोळे असतात. त्याच्या लेखी ही दोन वेगळी माणसे. एका ‘ए’च्या जागी एक ‘ओ’ पडला आणि पोरीचे वर्ष टांगणीला लागले.

ही शिष्यवृत्ती म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ सालापासून चालू आहे. १९५६ साली धम्मदीक्षा घेतल्यानंतर केंद्राच्या सवलतींसाठी बौद्धांना तब्बल ३४ वर्षे झगडावे लागले. १९९० साली अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात दुरुस्ती झाली, तेव्हा कोठे तो हक्क पदरात पडला. एवढ्या वर्षांच्या लढ्याने मिळालेला हक्क एका अक्षरापायी परत जावा, हे आम्हाला सहन होत नाही. म्हणून आज हा विषय.

प्रथम एक गोष्ट मनातून काढून टाका. स्पेलिंग चुकते म्हणजे आपण अडाणी, असे मुळीच नाही. दोष इंग्रजीचाही आहे. आपल्या देवनागरीत जसे बोलावे तसे बहुतेक लिहिता येते. इंग्रजीचे तसे नाही. १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. छपाईमुळे स्पेलिंगे हळूहळू पक्की होत गेली, पण लोकांचे उच्चार पुढे बदलतच राहिले. ‘नाइफ’मधला ‘के’ पूर्वी खरोखर उच्चारला जाई. आज तो नुसता उभा आहे, बोलत नाही. त्यात अमेरिकेची तऱ्हा निराळी. कामगार या अर्थाचा ‘लेबर’ इंग्लंडमध्ये ‘यू’ घालून लिहितात, अमेरिकेत ‘यू’ गाळून. म्हणून आपण बरोबर लिहिले तरी संगणक कधी कधी खाली तांबडी रेघ ओढतो. तांबडी रेघ म्हणजे चूकच, असे समजून घाबरू नये.

आता अर्जात हमखास गोंधळ करणारे शब्द पाहू. पोरांना जवळ बसवून वाचा.

पहिला शब्द ‘कास्ट’. जात म्हणजे सी-ए-एस-टी-ई. शेवटचा ‘ई’ गाळला की अर्थ होतो फेकणे, किंवा नाटक-सिनेमातील नटमंडळी. झेरॉक्सच्या दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा आम्ही बिनशेपटीचे ‘कास्ट सर्टिफिकेट’ पाहिले आहे. जात नाही ती जात, असे म्हणतात. मग तिच्या शेवटचा ‘ई’ तरी का जाऊ द्यावा?

दुसरी जोडी ‘फॉर्म’ आणि ‘फ्रॉम’. अर्जाच्या डोक्यावर ‘कडून’ या अर्थी ‘फ्रॉम’ हवा, म्हणजे एफ नंतर आर. घाईत ‘ओ’ आधी येतो आणि अर्जदाराच्या जागी ‘फॉर्म’ उभा राहतो.

तिसरी जोडी ‘प्रिन्सिपल’. उच्चार एक, शब्द दोन. कॉलेजचे प्राचार्य असतील तर शेवट पी-ए-एल. ते विद्यार्थ्यांचे ‘पाल’क, एवढे ध्यानात ठेवा. कर्जातील मुद्दल तेही पी-ए-एलच. तत्त्व म्हणायचे असेल तर शेवट पी-एल-ई. पुष्कळ अर्ज प्राचार्यांना न जाता तत्त्वालाच जातात!

‘स्टेशनरी’चेही तसेच. वह्या, कागद, पेन यांच्या स्टेशनरीत आर-वायच्या आधी ‘ई’. जागचे न हलणारे, म्हणजे ‘अ’चल असेल, तर तेथे ‘ए’.

राहणे म्हणजे ‘लिव्ह’, एल-आय-व्ही-ई. सोडणे किंवा रजा म्हणजे ‘लीव्ह’, एल-ई-ए-व्ही-ई. आपण म्हणायला जातो घोडेगावात राहतो आणि लिहून बसतो घोडेगाव सोडतो.

आम्ही वाणिज्य शाखेचे आणि पेशाने कारकून. म्हणून रकमेविषयी जरा जास्त सांगतो. लाख म्हणजे एल-ए-के-एच. पुष्कळ जण एल-ए-सी-के लिहितात. त्याचा अर्थ उणीव. पाच लाखांचे कर्ज मागायचे आणि कागदावर पाचची उणीव मांडायची, असा प्रकार! चौदाच्या ‘फोर्टीन’मध्ये ‘यू’ आहे, पण चाळीसच्या ‘फॉर्टी’मध्ये नाही. नव्वदच्या ‘नाइन्टी’त ‘ई’ आहे, पण नवव्याच्या ‘नाइन्थ’मध्ये नाही. धनादेश लिहिण्यापूर्वी हे एकदा पाठ करावे.

आपल्या घरातील एक चूक मात्र मनाला लागते. लग्नपत्रिकेवर, जयंतीच्या फलकावर ‘बुद्ध’ हा शब्द एकाच ‘डी’ने छापलेला दिसतो. बी-यू-डी-एच-ए म्हणजे बुध, वारातला आणि आकाशातला! बुद्ध लिहिताना दोन ‘डी’ आणि नंतर ‘एच’. बुद्धिस्ट लिहितानाही तसेच. छापखान्यात मजकूर देताना हे स्वतः लिहून द्यावे.

नावाच्या अचूकपणाला मोल असते याचे मोठे उदाहरण खुद्द बाबासाहेबांचेच. हिंदीत त्यांचे आडनाव वर्षानुवर्षे ‘अंबेडकर’ असे लिहिले गेले. उत्तर प्रदेशाचे तेव्हाचे राज्यपाल राम नाईक मराठी माणूस. त्यांनी पाठपुरावा केला, संविधानाच्या प्रतीवरील बाबासाहेबांच्या सहीचा दाखला दिला. २०१८ साली त्या सरकारने ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असे लिहिण्याचा आदेश काढला. एक काना, पण त्यासाठी सरकारी आदेश लागला.

गावाच्या नावाचाही घोळ असतो. घोडेगाव दोन. एक आपले नेवासे तालुक्यातले, दुसरे पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्याचे ठिकाण. नुसते ‘घोडेगाव’ लिहिले की टपालाने कोठे जावे? यावर उपाय पिनकोड. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची ती कल्पना. आपला पिनकोड ४१४ ने सुरू होतो, त्यांचा ४१२ ने. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या कागदांवर अहमदनगर असले तरी घाबरू नका. नव्या अर्जात मात्र यादीत दिसेल तेच नाव निवडा.

आणखी एक सावधगिरी. एका अक्षराच्या फरकाने लुटणारेही आहेत. सरकारी संकेतस्थळासारखेच दिसणारे, पण नावात एक अक्षर बदललेले खोटे पान काढतात आणि आधार क्रमांक, ओटीपी मागतात. आर आणि एन जवळजवळ लिहिले की एम भासतो. शून्य आणि ‘ओ’ तर जुळी भावंडे. सरकारी पत्त्याचा शेवट बहुधा जीओव्ही डॉट इन असा असतो, तो बोट ठेवून वाचा. फसगत झालीच तर तासाभराचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

त्या मुलीचे काय झाले? वडील फडावरून दोन दिवसांची मजुरी बुडवून आले. आधार केंद्रावर नावाची दुरुस्ती झाली, अर्ज पुन्हा भरला, मुदतीच्या आत तो पुढे सरकला. तिचे निभावले. सगळ्यांचे निभावतेच असे नाही. आधारवरील नाव जन्मात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. शाळेच्या दप्तरातील चूक मूल शाळेत असेपर्यंत सुधारणे सोपे, दाखला हाती पडल्यावर हेलपाटे.

म्हणून बंधू-भगिनींनो, एवढे करा. येत्या रविवारी पेटीतील सगळे कागद बाहेर काढा. शाळेचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक, जातीचा दाखला, रेशनकार्ड शेजारी शेजारी मांडा. घरातील शिकत्या मुलाने प्रत्येकाचे नाव एकेक अक्षर मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ताडून पाहावे. शाळेच्या दाखल्यावरील स्पेलिंग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि जेथे तेथे तेच चालवा. सेवा केंद्रावर अर्ज पाठवण्याचे बटण दाबण्यापूर्वी “थांबा, आधी आम्हाला वाचू द्या” असे म्हणायला लाजू नका. पैसे आपण मोजतो, नाव आपले आहे.

आमच्या बापजाद्यांची नावे कोणी धड लिहून घेतली नाहीत. आपल्या लेकरांची नावे तरी अचूक लिहिली गेली पाहिजेत.

जयभीम!