चिंध्यांचा कोट आणि गाण्याची मालकी

१९४६ साली टेनेसीतल्या स्मोकी पर्वतांच्या कुशीत अमेरिकी कंट्री गायिका-गीतकार डॉली पार्टन जन्मली, तेव्हा डॉक्टरांची फी म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. बारा भावंडांत ती चौथी. आईनं चिंध्या जोडून शिवलेला कोट घालून ती शाळेत गेली आणि पोरांनी तिची टर उडवली. पुढे दौऱ्यावर असताना याच प्रसंगावर गाणं सुचलं. जवळ कागद नव्हता, म्हणून तिनं ते लॉन्ड्रीच्या पावतीवर उतरवलं. ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ हेच ते गाणं.

डॉलीची गोष्ट सांगताना बहुतेक जण या कोटापाशीच रेंगाळतात. गरिबीनं तिला घडवलं, असं म्हणून मोकळे होतात. पण त्याच डोंगरात तसल्याच घरांत वाढलेली बाकीची गुणी पोरं कुठे गेली? गरिबीला श्रेय देताना त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

डॉलीला गळा होता, लेखणी होती आणि व्यवहाराची पक्की जाण होती. १९६४ मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं नॅशव्हिल गाठलं. लवकरच मामा बिल ओवेन्स यांच्यासोबत स्वतःची संगीत प्रकाशन कंपनी काढली.

त्या जाणिवेचा कस लागला तो ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’च्या वेळी. पोर्टर वॅगनर यांच्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना निरोपादाखल लिहिलेलं हे गाणं एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. कंट्री संगीतात याहून मोठा मान तो कुठला! पण एल्विसचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी प्रकाशन हक्कांचा, म्हणजे गाण्याच्या मालकीचा, निम्मा वाटा मागितला. डॉली रात्रभर रडली, पण नाहीच म्हणाली. १९९२ मध्ये ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टननं तेच गाणं गायलं, ते अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि रॉयल्टी डॉलीच्या घरी आली.

तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यामुळेच १९९५ मध्ये तिनं आपल्या सेव्हियर काउंटीत ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ सुरू केली. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरमहा एक पुस्तक घरपोच, तेही मोफत. आजवर २० कोटींहून अधिक पुस्तकं वाटली गेली आहेत. पण पुस्तकांसोबत तिची गोष्टही मुलांपर्यंत पूर्ण पोचायला हवी. शाळेत गरिबांच्या मुलांना डॉलीच्या कोटाची गोष्ट जरूर सांगावी. मात्र पार्कर यांना दिलेला नकारही तितकाच रंगवून सांगावा. हक्क म्हणजे काय, सही कुठे करायची आणि कुठे नाही, हे त्या मुलांना घरात सांगणारं सहसा कुणी नसतं.