खोबरेलाची बाटली आणि विमानाची वाट

लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेली आई हे दृश्य गोमंतकात आता नवलाईचे राहिलेले नाही. पूर्वी ती आई फोंड्याहून म्हापशास जात असे; आता ती लंडनला, दुबईला किंवा टोरांटोला जाते, एवढाच काय तो फरक. तिच्या पिशवीतले जिन्नस मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच आहेत. टोपडी, झबली, आणि बाळाला माखण्यासाठी घाण्यावरचे खोबरेल. आमच्या परिचयातील अशीच एक माउली अलीकडे निघाली. तेल मोठ्या सामानात टाकावयास तिचा जीव धजेना, म्हणून तिने ते हातच्या पिशवीत घेतले. २०० मिलिलिटरची एक बाटली निम्मी भरलेली, आणि शांपूच्या रिकाम्या चिमुकल्या बाटलीत मुलाने ओतून दिलेले थोडे अधिक. येथून निघताना तपासणीत कोणी हरकत घेतली नाही. महानगरात विमान बदलताना मात्र मोठी बाटली काढून घेण्यात आली. ‘यात निम्मेच तेल आहे’ हे तिचे म्हणणे खरे होते, पण त्याचा उपयोग नव्हता. उरली लहान बाटली. ती विमान उतरेपर्यंत झबल्यांत आणि कागदपत्रांत मुरून गेली होती. मोठी अडली आणि लहान गळली!

तेलाच्या बाटलीवर अग्रलेख लिहावा काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्या नियमापायी रोज असंख्य प्रवाशांच्या वस्तू कचऱ्याच्या पेटीत जातात आणि ज्याचा अर्थ त्यांना कोणी नीट सांगितलेला नसतो, तो विषय सार्वजनिकच आहे. शिवाय या प्रकरणात दोन निरनिराळी दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. एक कायद्याचे, दुसरे निसर्गनियमाचे. पहिल्यावर तक्रार करता येते. दुसऱ्यावर करून उपयोग नाही, तेथे युक्तीच हवी.

प्रथम कायदा. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक भयंकर कट उघडकीस आणला. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटके नेऊन अटलांटिक ओलांडणारी विमाने आकाशातच उडवून द्यावयाची, असा तो बेत होता. त्या दिवसापासून काही काळ तेथील प्रवाशांना हातात जवळजवळ काहीच नेता येईना. पुढे त्याच वर्षी मर्यादा ठरली, आणि ती हळूहळू बहुतेक देशांनी स्वीकारली. कोणताही पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा अधिक मापाच्या बाटलीत नसावा, आणि अशा सर्व बाटल्या एक लिटरच्या, पारदर्शक, तोंड मिटता येणाऱ्या एकाच पिशवीत मावाव्यात. वाचकांनी ध्यानी घ्यावयाचे ते हे की, येथे माप बाटलीचे आहे, आतल्या ऐवजाचे नव्हे. रांगेतल्या प्रत्येकाचे तेल मोजणे तपासनिसाला शक्य नाही. तो बाटलीवर छापलेला आकडा वाचतो. म्हणून २०० च्या बाटलीतले ५० मिलिलिटर तेल जाते आणि १०० च्या बाटलीतले काठोकाठ तेल राहते. ऐकणाऱ्यास हे विचित्र वाटते, पण त्यात अन्याय नाही.

‘पातळ’ या शब्दाची व्याप्तीही आपल्या समजुतीपेक्षा मोठी आहे. दात घासावयाची पेस्ट, मलम, केसांना लावावयाचे जेल, फवाऱ्याचे डबे, इतकेच काय पण लोणचे, दही आणि तूपसुद्धा त्यात येते. खोबरेलाची तर गंमतच आहे. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. आमच्याकडे ते बाराही महिने बहुधा पातळ असते, विमानाच्या गारव्यात ते लोण्यासारखे होते. पण थिजलेले तेल हा घन पदार्थ आहे, असा युक्तिवाद तपासणीच्या टेबलाशी कोणी करू नये. तो चालत नाही. प्रवासात लागणारी औषधे व तान्ह्या बाळाचे दूध यांना गरजेपुरती सवलत असते, मात्र ती स्वतःहून काढून दाखवावी लागतात.

खरा घोटाळा पुढेच आहे. आपल्या देशात ही मर्यादा आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी आहे. देशातल्या देशात उडणाऱ्यास ती सहसा जाचत नाही. त्यामुळे गोव्याहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे परदेशी जाणाऱ्या प्रवाशाची बाटली येथे बिनबोभाट सुटते, आणि पुढे आंतरराष्ट्रीय तपासणीत अडते. तोवर मोठे सामान केव्हाच विमान कंपनीच्या ताब्यात गेलेले असते. बाटली त्यात ठेवता येत नाही, घरी पाठवता येत नाही, फेकावीच लागते. दाबोळी असो वा ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झालेला मोपा असो, सामान ताब्यात देण्याच्या खिडकीपाशीच ‘पुढे परदेशी जाणार असाल तर १०० मिलिलिटरहून मोठी बाटली आताच मोठ्या सामानात घाला’ एवढे एक वाक्य मराठीत आणि कोकणीत ठळक लिहिलेले असावे, ही आमची मागणी अवास्तव म्हणता येईल काय? तपासयंत्रापाशी सूचना लावण्यात अर्थ नाही. तेथे ती वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरलेले नसते. तिकिटे काढून देणाऱ्या आमच्या दलालांनीही हे वाक्य प्रवाशाच्या कानी घालावे. त्यासाठी त्यांना पदरचे काही खर्चावे लागत नाही.

आता गळतीकडे वळू. पणजीच्या धक्क्यावरून आगबोटीने मुंबईस जाणाऱ्या पिढीला हे दुखणे ठाऊक नव्हते. बुचाला चिंधी गुंडाळावी, वरून मेण ओतावे, बाटली ट्रंकेत उभी करावी, की ती भाऊच्या धक्क्यापर्यंत सुखरूप. आगबोट समुद्रसपाटी सोडत नव्हती, हे त्यातले मर्म. याउलट ज्याने बसने चोर्ला घाट चढून बेळगाव गाठले आहे त्याला आठवत असेल की, पणजीत घेतलेले फरसाणाचे बंद पाकीट घाटमाथ्यावर फुग्यासारखे टम्म होते. घाट सुमारे ८०० मीटर उंच. तेवढ्या चढावर बाहेरच्या हवेचा दाब जवळजवळ एकदशांशाने उतरतो आणि पाकिटात कोंडलेली हवा पसरते. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला नियम तो हाच.

विमान ३५००० फुटांवर उडत असले तरी आतल्या हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो. मात्र तो जमिनीइतका नसतो. सुमारे ६००० ते ८००० फुटांच्या डोंगरावर असावा इतका असतो. ८००० फुटांवर दाब समुद्रकाठच्या तीन चतुर्थांश राहतो. याचा हिशेब आमच्या त्या लहान बाटलीस लावून पाहा. बाटली १०० मिलिलिटरची, तेल ६०, हवा ४०. वर गेल्यावर ती ४० मिलिलिटर हवा ५३ होऊ पाहते. वाढीव १३ मिलिलिटरना जागा हवी. बाटली उभी असेल तर टोपणाच्या फटीतून हवाच निसटते आणि कोणाला कळतही नाही. बाटली आडवी किंवा उपडी असेल तर टोपणाशी तेल असते, आणि मागची हवा त्या तेलाला बाहेर ढकलते. म्हणजे बाटलीत जे आहे त्याने घात होत नाही, जे नाही त्याने होतो. अर्धी रिकामी बाटली ही भरलेल्या बाटलीहून धोक्याची! फाउंटनपेन वापरणाऱ्या जुन्या प्रवाशांना ही गोष्ट ठाऊक होती. पेन पुरते भरावे किंवा पुरते रिकामे करावे आणि निब वर ठेवून खिशास लावावे, असा त्यांचा परिपाठ असे. न पाळणाऱ्याचा सदरा शाई प्यायचा.

येथे काशीच्या गंगेचे स्मरण आल्यावाचून राहत नाही. यात्रेहून येणारे तांब्याचे गडू काठोकाठ भरलेले आणि तोंडाशी डाख लावून बंद केलेले असत. आत हवा नाही, तोंडाला फट नाही. देवघरात वर्षानुवर्षे त्यातला थेंब हलत नसे. असे गडू विमानात हाती नेता येणार नाहीत हे उघड आहे, पण त्यांतली दोन्ही तत्त्वे आपल्या प्लास्टिकच्या बाटलीस लावता येतात.

बाटली मऊ असेल तर टोपण लावण्यापूर्वी ती हळूच दाबून तेल तोंडापर्यंत आणावे आणि तशीच दाबलेली असता टोपण आवळावे. चेपलेली बाटली वर गेल्यावर आतली उरलीसुरली हवा पसरायला जागा देते. बाटली कडक असेल तर खांद्याच्या वरपर्यंत भरावी. खोबरेल पातळ असतानाच भरावे. थिजलेले तेल चमच्याने दाबून काठोकाठ बसवले तर ते विरघळताना फुगते आणि नवीच आफत ओढवते. भरून झाल्यावर तोंड व आटे कोरड्या फडक्याने पुसावेत, कारण आट्यांवर राहिलेले तेल टोपण घट्ट बसू देत नाही आणि त्याच वाटेने पाझरते. मग पॉलिथीनचा एक जाड तुकडा तोंडावर पसरून त्यावरून टोपण फिरवावे. या एका तुकड्याने जेवढे काम होते तेवढे बाजारातल्या महागड्या प्रवासी संचांनी होत नाही, असा आमचा अनुभव आहे. दाबून उघडणारी टोपणे आणि पंपाच्या बाटल्या शक्यतो घेऊच नयेत. त्यांचे झाकण हाताच्या धक्क्याने उघडण्यासाठीच केलेले असते, मग ते पिशवीतल्या धक्क्याने उघडले तर दोष कोणाचा? अत्तराच्या व फवाऱ्याच्या कुप्या याहून नाजूक. त्या मोठ्या भरलेल्या नेण्यापेक्षा लहान नेलेल्या बऱ्या.

कायद्याने सांगितलेली पारदर्शक पिशवी ही या बाबतीत न मागता मिळालेली दुसरी भिंत आहे. तिच्यातली हवाही मिटण्यापूर्वी काढावी, नाहीतर तीसुद्धा फरसाणाच्या पाकिटासारखी फुगून तोंड उघडते. ती हातच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, बाटल्या उभ्या राहतील अशी ठेवावी आणि पिशवी पायाशी उभी ठेवावी. डोक्यावरच्या कप्प्यात ती आडवी पडते. आकाशात असताना बाटली उघडण्याचा मोह टाळावा. उघडलीच तर तोंड वर करून, हळूहळू. उतरताना दाब पुन्हा वाढतो आणि बाटली चेपून आत बसते. ते पाहून घाबरू नये. आणि हो, मोठ्या सामानात टाकले म्हणजे गळणार नाही, हा समजही चुकीचा आहे. प्रवासी विमानाच्या पोटातला सामानाचा कप्पा वरच्याप्रमाणेच दाब राखलेला असतो. दाबाचा खेळ तेथेही तोच, शिवाय आदळआपट निराळी.

याहून सोपा मार्ग म्हणजे पातळ वस्तूच कमी करणे. साबणाची वडी, दंतमंजन, शिकेकाई, उटणे यांना हा नियम नाही. अमेरिकेस जाणाऱ्यांनी मात्र ३५० मिलिलिटरहून अधिक भुकटी हातात ठेवू नये. तेथे २०१८ पासून तिचीही निराळी तपासणी होते.

बाजारात सुट्या विकल्या जाणाऱ्या रिकाम्या लहान बाटल्यांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. त्यांतील कित्येकांवर माप छापलेले नसते. तपासनीस अशी बाटली हातात घेऊन संशयाने पाहतो, आणि त्याला बोल लावता येत नाही. कित्येकांचे टोपण दोन वेढ्यांत संपते, आत दुसरे बूच नसते. ‘प्रवासासाठी’ असा शिक्का मारून या बाटल्या विकणाऱ्यांनी तळाशी माप कोरावे आणि तोंडाला आतले बूच द्यावे. यासाठी नवे संशोधन लागत नाही. आमच्या घाणेवाल्यांनीही १०० मिलिलिटरची, माप छापलेली, बंद तोंडाची बाटली ठेवली तर परदेशी जाणारे गिऱ्हाईक त्यांच्याकडे आपण होऊन येईल.

मर्यादा आता उठलीच, असे सांगणारेही भेटतात. ते अर्धसत्य आहे. पदार्थाचे थरावर थर पाहू शकणारी नवी यंत्रे काही विमानतळांवर आली, आणि ब्रिटनमधील काही ठिकाणी दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या नेऊ देऊ लागले. पण युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२४ पासून त्या यंत्रांवरही १०० मिलिलिटरची मर्यादा पुन्हा लागू केली, आणि जुलै २०२५ मध्ये त्यांतील काही यंत्रांपुरती ती सैल केली. जेथून निघालो तेथे सुटले म्हणून जेथे विमान बदलावयाचे आहे तेथे सुटेलच, याची शाश्वती नाही. वाटेतला सर्वांत कडक विमानतळ धरूनच पिशवी भरावी.

त्या माउलीचा पुतण्या पुढल्या महिन्यात तिकडे जाणार आहे. त्याच्याबरोबर पाठवण्यासाठी घरच्यांनी १०० मिलिलिटरच्या तीन बाटल्या भरल्या, टोपणाखाली पॉलिथीन घातले, आणि परवा रात्री त्या आमच्याच दैनिकाच्या एका जुन्या अंकावर उपड्या करून ठेवल्या. सकाळी दोन कोरड्या होत्या. तिसरीखालचा मजकूर तेलाने आरपार दिसू लागला होता. तिचे टोपण बदलावयास मुलगा बाजारात गेला आहे.