डेटा भरणारे आम्ही, डेटाबेस चालवणारे कोण?

सोयगाव तालुका असो की राज्यातला दुसरा कुठला, ग्रामपंचायतीचे दाखले आणि नोंदी संगणकावर चढवतो तो संगणक परिचालक. २०११ ला 'संग्राम' आले, २०१६ ला 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. योजनेचे नाव बदलले, परिचालक मात्र मानधनावरच राहिला आणि त्या मानधनासाठीही त्याला आझाद मैदान गाठावे लागले.

मुंबईच्या गिरण्या आठवा. तिथे अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धागा तोंडात धरावा लागतो, विटाळ होतो! जास्त मजुरी त्याच खात्यात होती, हा योगायोग नव्हता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी ते खाते खुले करण्याची मागणी लावून धरली.

आजचे विणकाम खाते म्हणजे डेटाबेस. इथे विटाळाची पाटी नाही. पण इंग्रजीची भिंत आहे, क्लासची फी आहे, ओळखीने होणारी भरती आहे आणि खाजगी कंपनीत आरक्षण नाही. आमच्या पोरांच्या वाट्याला टायपिंग येते. टेबलांची रचना, बॅकअप, रिकव्हरी, कोणाला काय दिसावे याची परवानगी, हे सगळे दुसऱ्यांच्या हाती!

काही जण म्हणतील, क्लाउड आणि एआयने ही कामेही जाणार. ठरावीक देखभालीचे काम कमी होते आहे, हे खरे. पण त्याआधी जाते ती डेटा एंट्री, म्हणजे आमचीच जागा. म्हणून तर वरच्या पायरीवर चढायचे.

एमएस-सीआयटीवर थांबू नका. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल मॉडेल आजही टिकून आहे, त्यामुळे एसक्यूएलवर घातलेली मेहनत वाया जात नाही. पोस्टग्रेएसक्यूएल फुकट मिळते. सोबत लिनक्स आणि थोडे पायथन शिका. थेट डेटाबेस ॲडमिनची नोकरी नवख्याला क्वचित मिळते. सपोर्ट किंवा डेटा ॲनालिस्ट म्हणून शिरा, तिथून डेटा इंजिनिअरकडे जा.

पण एकट्याच्या पॅकेजने समाज सुटत नाही. आमची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर अडकते, २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेची जातनिहाय आकडेवारी दाबून ठेवली जाते. ज्याच्या हाती नोंद, त्याच्या हाती सत्ता. म्हणून बार्टीने तालुक्याच्या ठिकाणी मराठीतून डेटाबेसचे मोफत प्रशिक्षण द्यावे, खाजगी क्षेत्रात आरक्षण मिळावे आणि परिचालकांना कायम करावे, ही आमची मागणी आहे.

विहारातल्या वाचनालयात एक संगणक ठेवा. जो शिकला त्याने दोघांना शिकवावे. बाकीचे रस्त्यावर ठरेल.

जय भीम!