द्व्यर्थाची दोन हजार वर्षे

जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून पंचवीस ॲप व संकेतस्थळे बंद केली. दर भागात नवी गोष्ट सांगणारी, तुटपुंज्या खर्चात गावाकडची कामकथा रंगवणारी ‘गंदी बात’ ही मालिका ज्या ‘ऑल्ट’ने आणली, तेही त्या यादीत होते. संस्कृती बुडाली म्हणणारे आणि स्वातंत्र्य बुडाले म्हणणारे, दोघेही असे बोलले की जणू हा प्रश्न मोबाइलसोबतच जन्माला आला. छत्रपती संभाजीनगरात बसून तसे म्हणणे तर अधिकच अवघड, कारण येथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे.

या पैठणच्या, म्हणजे प्रतिष्ठानच्या, सातवाहन राजांपैकी हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पुढेही तिच्यात भर पडत गेली. महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे सुट्या गाथांत शेतकरी, वाटसरू, सासू-सुना आणि गोदाकाठची चोरटी प्रीती आहे. त्यांतल्या एका गाथेत घरातली सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला दिवसाउजेडीच बजावते, की सासू इथे निजते, मी तिथे, तेव्हा रातांधळ्या, चुकून आमच्या अंथरुणावर पडू नकोस. शब्दांत मनाई आहे, अर्थात आमंत्रण. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ध्वनीचे, म्हणजे सूचित अर्थाचे, उदाहरण म्हणून हीच गाथा निवडली. म्हणजे ज्याला आज चावटपणा म्हणून हिणवले जाते, त्या द्व्यर्थावर भारतीय काव्यशास्त्राचा एक मोठा सिद्धांत तोलला गेला. आणि त्या गाथेत बोलणारी, ठरवणारी, वरचढ ठरणारी बाई होती.

पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात रामजोशी आणि होनाजी बाळा यांनी शृंगाराची लावणी रचली, आणि नंतर तमाशाच्या वगात सोंगाड्याने राजाची, पाटलाची व स्वतःचीही फजिती मांडली. इंग्रजी अमलात मात्र मोजमाप बदलले. १८६०च्या दंडसंहितेचे अश्लीलतेविरुद्धचे कलम २९२ आणि १८७६चा नाट्यप्रयोग कायदा आला. त्याच काळात जर्मन पंडित वेबर १८७० आणि १८८१ साली गाथासप्तशती छापत होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेही तमाशावर बंदी घातली व पुढे संहिता तपासण्याच्या अटीवर ती उठवली. परकी सत्ता गेली, पण तिची फूटपट्टी आपण जपून ठेवली. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या ‘शामा’ कथेवरच्या अश्लीलतेच्या खटल्यात लेखक चंद्रकांत काकोडकरांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले, तेव्हा कुठे १९६९ साली ते सुटले.

दोनच वर्षांनी ‘सोंगाड्या’ हा चित्रपट आला. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून लोकप्रिय झालेले दादा कोंडके ढगळ अर्धी चड्डी आणि तिची लोंबती नाडी घेऊन पडद्यावर अवतरले, आणि ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’ अशा ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले. ब्रिटनमध्येही त्याच दशकात ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’सारखे अल्पखर्ची चावट विनोदपट चालले, पण ते लाटेसारखे आले नि ओसरले, दादांच्या मागे वगाची परंपरा उभी होती. कागदावर निष्पाप दिसणारे त्यांचे वाक्य उच्चाराच्या एका थांब्यावर फिरत असे, आणि सेन्सॉरला कात्री लावायला शब्दच सापडत नसे. हसे होई ते भाबड्या नायकाचे. नायिका उषा चव्हाण त्याला पुरून उरत. सारेच चित्रपट या उंचीचे नव्हते, आणि ऐंशीच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत तर युक्ती उरली, जीव उणावला. तरीही त्या विनोदाला दोन बाजू होत्या.

या प्रदीर्घ प्रवासाचा धडा आपण विसरलो आहोत. बंदीने शृंगार कधीच संपला नाही. ती शब्द आणि देह मोजत राहिली, कारण तिला तेवढेच मोजता येते. ज्या विनोदात स्त्री बोलते व पुरुष स्वतःवर हसून घेतो, आणि ज्यात ती केवळ पाहण्याची वस्तू असते, यांतला फरक कायद्याला दिसत नाही. तो समीक्षेने दाखवायचा असतो. पण आपल्या सुशिक्षित समाजाने तमाशाला नाके मुरडली, दादांना पिटातले म्हणून बाजूला सारले आणि गाथासप्तशती संशोधकांच्या कपाटात ठेवली. रसिकांनी मोकळी केलेली जागा मग बाजाराने भरली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टोरियन कसोटी टाकून समकालीन समाजाच्या जाणिवेची कसोटी स्वीकारली, आणि २०२४पासून कलम २९२च्या जागी नव्या संहितेचे कलम २९४ आले. परंतु जी जाणीव न्यायालय गृहीत धरते, ती घडवण्याचे काम शाळा, विद्यापीठे, नियतकालिके आणि आपण प्रेक्षकांनीच करायचे आहे. ते टाळले, तर बंद झालेल्या पंचवीस ॲपच्या जागी नवी पन्नास येतील आणि त्यांतही बाईला बोलायला एक वाक्य मिळणार नाही.