गुंजभर जास्त

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक छोटंसं महाभारत झालं. निमित्त बंदुकीचं! माझा पुतण्या गेली काही वर्षं अमेरिकेत कोलोरॅडोला असतो. त्याने जाहीर केलं की यंदाच्या मोसमात तो रीतसर परवाना काढून एल्कच्या शिकारीला जाणार. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. बरोबर त्याने दोन रायफलींचे फोटो टाकले आणि विचारलं, "काका, तुम्ही आजोबांची बंदूक पाहिली आहे. मॅग्नम घेऊ का साधी? आणि काडतुसं मी घरीच भरणार आहे."

मग काय! वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. आत्याने अहिंसेवरचे सुविचार टाकले. दोन भाचे "लय भारी" म्हणाले. "आपल्या आजोबांचा वारसा" वगैरेही कोणीतरी लिहिलं. मी गप्प बसलो. चार ओळींत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून, आणि दुसरं एक कारण होतं म्हणूनही. ते पुढे येईलच.

आधी हे सांगून टाकतो की मी त्याच्या शिकारीच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. तिकडे एल्क भरपूर आहेत, किती मारायचे ते सरकार ठरवतं, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं तिथे गुन्हा आहे. बाजारातून मटण आणणाऱ्या मी त्याला काय शिकवावं? माझं म्हणणं फक्त त्या "मॅग्नम"बद्दल आहे.

हा शब्द मुळात दारूच्या बाटलीचा. शॅम्पेनच्या नेहमीच्या बाटलीच्या दुप्पट बाटलीला मॅग्नम म्हणतात. इंग्रज बंदूकवाल्यांनी तो उचलला आणि ज्यात नेहमीपेक्षा जास्त दारू मावते त्या काडतुसाला लावला. (दोन्ही दारू जपूनच वापरायच्या, हा योगायोग बघा!) हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने १९१२ साली काढलेलं .३७५ मॅग्नम हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, हत्ती-गव्यांसाठीचं. पुतण्याच्या डोक्यात आहे ती .३०० विंचेस्टर मॅग्नम, १९६३ सालची. दुसरा फोटो होता .३०-०६ चा, म्हणजे १९०६ साली अमेरिकन सैन्यासाठी निघालेल्या काडतुसाच्या रायफलीचा.

आता हिशोब पाहा. दोन्हींतून सारख्याच वजनाची गोळी सोडली तर मॅग्नमला ढोबळमानाने ३० टक्के दारू जास्त लागते आणि गोळीचा वेग वाढतो १० टक्क्यांच्या आसपास. खांद्याला बसणारा धक्का मात्र चांगलाच वाढतो. फार लांबून मारणाऱ्या तरबेज माणसाला त्या १० टक्क्यांचा उपयोग होतही असेल. नवशिक्याचं काय होतं? चार-सहा बार काढले की शरीर धक्का लक्षात ठेवतं. मग चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसतो, डोळा मिटतो आणि नळी हलते. वीतभर चुकलेली गोळी काळजाऐवजी पोटात लागते. गोळी कितीही जोरकस असली तरी पोटात लागलेलं जनावर पळतं, आणि कुठेतरी झाडीत दोन दिवस तडफडत मरतं.

कोलोरॅडोच्या नियमात एल्कसाठी रायफल किमान .२४ ची हवी असं आहे. म्हणजे .३०-०६ सुद्धा गरजेपेक्षा बरीच वर. आणि जिम कॉर्बेटना १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल बक्षीस मिळालेली रिग्बीची रायफल .२७५ ची होती. मॅग्नम नव्हे, मध्यम ताकदीची. पुढे कितीतरी वर्षं त्यांनी ती हौसेने वापरली.

काडतुसं घरी भरण्याला मात्र माझा पाठिंबा आहे. हे वाचून वहिनी आणखी दोन दिवस जेवणार नाहीत! (इथल्या भाच्यांनी उत्साहात येऊ नये. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.) उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवायची, जुनी टोपी काढायची, पुंगळी साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. दारू मोजतात ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. पुस्तकात दिलेल्या कमाल मापाच्या वर जायचं नाही, आणि सुरुवात त्याच्या बरीच खालून करायची. मॅग्नमच्या पुंगळीच्या बुडाशी एक पट्टा असतो. पुंगळी पुन्हा पुन्हा भरली की त्या पट्ट्याच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. आत वाकवलेली तार फिरवून ती खाच चाचपावी लागते. ती चुकली तर पुंगळी बार काढताना तिथेच फाटू शकते. इतकं सगळं हाताने करणारा माणूस उगाच गोळ्या उधळत नाही.

आता माझ्या गप्प बसण्याचं दुसरं कारण.

आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी होती. गाव कुडाळकडचं, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरायची. आजोबा पितळी काडतुसं पडवीत बसून स्वतः भरायचे. टोपी, मापटंभर काळी दारू, पुठ्ठ्याची चकती, छर्रे, वर पुन्हा चकती. ते नेहमी म्हणायचे, "कमी झाली तर डुक्कर वाचतला, जास्ती झाली तर आपलो जीव जातलो." १९६८ साली मी नऊ वर्षांचा होतो. मला ते चकत्या कापायला द्यायचे. एका दुपारी ते उठून आत गेले आणि समोरच्या काडतुसात मी चिमूटभर दारू वरून टाकली. आजोबांची बंदूक आणखी जोरात वाजावी, एवढाच माझा हेतू.

त्या रात्री बार झाला. सकाळी आजोबांचा खांदा काळानिळा होता. डुक्कर मागच्या पायात जखमी होऊन निसटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच डुकराने बांधावर गवत कापणाऱ्या आमच्या गड्याच्या बायकोला धडक दिली. ती वाचली, पण जन्मभर लंगडत चालली. घरात आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. ही कोणी सांगत नाही, आणि त्यातली माझी चिमूट तर आजवर कोणालाच माहीत नव्हती. त्या चिमटीमुळेच नेम चुकला असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण मला तसंच वाटत आलंय.

आजोबांनी मला काही विचारलं नाही. पुढच्या बाजाराला कुडाळच्या सोनाराकडून एक जुना छोटा तराजू आणला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यानंतर दारू मापट्याने न घेता तोलून घ्यायची, आणि तोलायची मी. ते शेजारी बसून बघायचे.

पुतण्याला २०१९ चा फेब्रुवारी आठवत असेल. तो सुट्टीवर आला होता, आणि २० तारखेला पहाटे आमच्या वर्तकनगरजवळच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला. येऊरचं जंगल इतकं जवळ की येतात अधूनमधून. मग तो जवळच्याच एका हॉटेलच्या आवारात गेला आणि राष्ट्रीय उद्यानाच्या लोकांनी त्याला बेशुद्ध करून पकडलं. आम्ही दोघे लांब गर्दीत उभे होतो. गर्दीतला एक जण ओरडत होता, "मोठी बंदूक आणा, उडवून टाका!" रात्री पुतण्याने वाचून मला समजावलं होतं की जनावराच्या वजनाचा अंदाज घेऊन सुईत औषध भरतात आणि अंतर पाहून बंदुकीचा दाब ठेवतात. औषध कमी पडलं तर जनावर अर्धवट शुद्धीत उलटतं, जास्त झालं तर मरतं. दाब जास्त झाला तर सुईनेच हाड मोडतं. "काका, म्हणजे सगळी कमाल बेताने भरण्यात आहे," हे त्याचंच वाक्य.

तेव्हा बाळा, .३०-०६ घे. मोसमाच्या आधी महिनाभर सराव कर. ज्या अंतरावरून दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या वर्तुळात बसतील, त्याच्या पलीकडच्या जनावरावर बंदूक उचलू नकोस. आणि रिकाम्या हाताने परत आलास तर ग्रुपवर बिनधास्त सांग.

वहिनी, तुम्ही हे वाचत असालच. रागावला असाल तर ठाण्याला या, समोरासमोर भांडू. तराजू माझ्या कपाटात आहे. तुमची हरकत नसेल तर पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर पाठवेन म्हणतो.