पाखरं मोजणाऱ्याला हसण्याआधी

परवा टपरीवर चहा घेताना ग्रेट निकोबारचा विषय निघाला. बंदर होणार, विमानतळ होणार, ७२ हजार कोटींचा प्रकल्प. मी एवढंच म्हटलं की तिथल्या मेगापोड पक्ष्याचं काय होणार तेही बघायला हवं. लगेच बाकावरून आवाज आला, "पाखरां मोजून पोट भरतला काय?" सगळे हसले. खरं सांगतो, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. लांब आहे, तरी वाचा.

मेगापोड म्हणजे कोंबडीएवढा तपकिरी पक्षी. जगात फक्त निकोबार बेटांवर. हा अंडी उबवत नाही. किनाऱ्यालगतच्या जंगलात वाळू, माती आणि पाल्याचा मोठा ढीग करतो, त्यात अंडं पुरतो. पाला कुजतो, त्याच्या उष्णतेवर अंडं उबतं. पिल्लू ढिगातून वर येतं आणि पहिल्या दिवसापासून स्वतःचं स्वतः बघतं. किनारा गेला की ढीग गेला, ढीग गेला की पक्षी गेला. हिशेब इतका सरळ आहे.

हा हिशेब आपल्याला कळला कारण कोणीतरी तो मांडला. १९९०च्या दशकात रवी शंकरन नावाचा शास्त्रज्ञ या बेटांचे किनारे पालथे घालून मेगापोडचे ढीग मोजत होता. पोर्ट ब्लेअरहून कॅम्पबेल बेला बोटीने जायलाच दोन-तीन दिवस. पुढे रस्ता नाही, मगरी आहेत, मलेरिया आहे. या कामाला ना टाळ्या ना बातमी. तेव्हाही कोणीतरी हसलंच असेल.

मग २६ डिसेंबर २००४ला सुनामी आली. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरहून जास्त खचलं. नंतर शास्त्रज्ञ पुन्हा गेले, पुन्हा मोजलं, आणि किनाऱ्यावरचे मेगापोड सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचं समोर आलं. आता सांगा, हे ७० टक्के कुठून आले? आधी कोणी मोजलंच नसतं, तर 'बरेच कमी झाले असतील' यापलीकडे आपण काय बोललो असतो?

याच शंकरननी अंदमानात पाकोळीचं काम केलं. लाळेपासून बनलेल्या या पक्ष्याच्या घरट्याला परदेशात प्रचंड भाव. गुहा ओरबाडल्या जात होत्या. त्यांनी वन खात्याला सोबत घेऊन घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केलं. पिल्लं उडून गेली की मगच घरटं काढायचं, असा मार्ग त्यांनी मांडला. पक्षीही वाचावा आणि माणसाची चूलही पेटावी. म्हणजे टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर या माणसाने कधीच देऊन ठेवलं होतं. जानेवारी २००९ मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत ते गेले. आणि ही पाकोळी काही परकी नाही बरं का. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, दीपगृहाच्या त्या बेटांवरच्या गुहेत तिच्याच जातकुळीची पाकोळी घरटी करते. तिथेही घरट्यांची तस्करी झालेली आहे. आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

आता मूळ मुद्दा. प्रस्तावित बंदर गॅलाथिया खाडीत आहे. तिथलं अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार. प्रकल्पाच्या कागदपत्रांतच नोंद आहे की तिथे मेगापोडचे ५१ वापरातले ढीग सापडले आणि त्यातले ३०च्या आसपास कायमचे नष्ट होतील. उपाय काय? मेंचाल नावाच्या दुसऱ्या छोट्या बेटावर मेगापोडसाठी अभयारण्य. आणि तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायची, तीही हरियाणात! म्हणजे शेजाऱ्याची विहीर बुजवायची आणि त्याला सांगायचं, पलीकडच्या तालुक्यात हापसा बसवलाय, जा.

काहीजण म्हणतील, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. मान्य, मलाक्काची सामुद्रधुनी जवळ आहे. पण नौदलाचा तळ तिथे २०१२पासून आहे. तो वाढवायला कोणाची ना नाही. व्यापारी बंदर आणि लाखो माणसांचं शहर यांना सुरक्षेची शाल पांघरली की प्रश्न विचारायचेच नाहीत, हे मला मान्य नाही. आणि प्रश्न फक्त पक्ष्याचा नाही. सुनामीत गावं गेलेल्या निकोबारींना आपल्या जुन्या जागी परत जायचंय. त्यांच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेलं ना-हरकत पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतलं.

माझा खरा राग कशावर आहे सांगू? मोजण्याच्या कामाची आपण शोभा करून टाकलीय. ज्याला प्रकल्प करायचाय तोच अभ्यास करणारी कंपनी नेमतो, तोच पैसे देतो. २००६ची अधिसूचना हेच चालवून घेते. निकोबारच्या बाबतीत तर तीन ऋतूंऐवजी एकाच ऋतूची माहिती घेतल्याचा मुद्दा एप्रिल २०२३ मध्ये हरित लवादानेही नोंदवला. मंजुरी मात्र रद्द केली नाही, समिती नेमली. आपल्याकडच्या जनसुनावण्यांना मी गेलोय. जाडजूड अहवाल, मागे पक्ष्यांची यादी, कावळा-चिमणी-साळुंकी. कधी मोजले, किती दिवस मोजले, विचारलं की टेबलावरचा माणूस पाण्याची बाटली उघडतो.

म्हणून मागणी साधी आहे. अभ्यासाचे पैसे प्रकल्पवाल्याने स्वतंत्र निधीत भरावेत, शास्त्रज्ञ त्याने निवडू नये. सगळ्या ऋतूंत मोजणी व्हावी. आणि आकडे मराठीत, जनसुनावणीच्या आधी, ग्रामपंचायतीत लागावेत.

विकास नको असं मी म्हणत नाही. तोडण्याआधी नीट मोजा, एवढंच म्हणतोय. दुकानदारसुद्धा दुकान विकताना आधी माल मोजतो.

पोट भरण्याबद्दल विचारणाऱ्या माझ्या मित्राला एकच सांगणं. उद्या आपल्या खाडीवर प्रकल्प आला आणि तू म्हणालास, इथे पूर्वी भरपूर मासे होते, तर समोरचा विचारेल, "पुरावा?" तेव्हा कोणीतरी मोजून ठेवलेलं असलं तर बरं, नाही का?